बुवांचा अँगल

जासिंतने पितळी अँगल दातात धरला, दोन्ही हातांनी ठेंगण्या स्टँडची नळी आवळली, आणि मग तो तुकडा तोंडातून काढून विजारीला पुसला. जिभेवर पितळेची चव राहिली. गेली सव्वीस वर्षं डबलबारी सुरू होण्याआधी हीच चव.

दुपारचे अडीच वाजले होते. तोंडवलीतल्या एका वाडीच्या देवळाचा वर्धापनदिन. देवळापुढे मांडव, मांडवामागे सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्र. समुद्राला आमंत्रण कधीच नसे. तरी प्रत्येक कार्यक्रमाला तो आधी येऊन बसे आणि शेवटपर्यंत आवाज करी. त्याला दाबायला जासिंतने आंब्यावर दोन कर्णे चढवले होते आणि मांडवात चार मोठे बॉक्स लावले होते.

डबलबारी म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना. दोघे आपापली मंडळी घेऊन एकाच रंगमंचावर समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात, आणि मधल्या बोलण्यात एकमेकांची सालं काढून देवाच्या पायाशी वाहतात. चिडला तो हरला, एवढा एकच नियम. लोक अभंगाला माना डोलावतात आणि टोमण्यांसाठी थांबतात.

त्यातला बुवा जमिनीवर बसून पेटी वाजवत गातो. माइक त्याच्या तोंडाशी नेमका यायचा तर स्टँड आणि माइक यांच्यामध्ये अँगल लागतो. करंगळीएवढा सांधा. गुडघ्यासारखा वाकतो, आणि बाजूचा कान पिळला की वाकला तिथेच राहतो. जासिंतकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे चौदा अँगल होते आणि कुठला कोणासाठी हे त्याच्या बोटांना पाठ होतं. पाद्रींचा खाली, कारण पाद्री पुस्तकात बघून बोलतात. सरपंचांचा वर, कारण त्यांना बोलताना पुढची निवडणूक दिसते. निवृत्त मुख्याध्यापकांचा कसाही चालतो. ते माइकपासून दोन हात लांब उभे राहून, मला माइकची गरज नाही, असं पाऊण तास सांगतात.

पंधरावा अँगल वेगळ्या फडक्यात असे. तो धोंडूबुवांचा. बुवा चढा सूर घेताना हनुवटी उचलून डावीकडे, पखवाजवाल्याकडे वळत. म्हणून त्यांचा माइक पेटीच्या मधोमध नाही, डाव्या कडेला आणि दोन बोटं उंच. ही दोन बोटं दुसऱ्या कुठल्याही साउंडवाल्याला सापडली नव्हती. दुसऱ्याच्या साउंडवर बुवा चांगले गात. जासिंतच्या साउंडवर देवळातल्या घंटेवरची धूळ हलत असे.

त्याने अँगल बसवला, दोन बोटं मोजली, कान पिळला. मग माइकशी वाकून म्हणाला, "हॅलो. चेक. हॅलो."

आयुष्यात तो माइकमध्ये एवढंच बोलला होता. दुसऱ्यांचं बोलणं पोचवण्यात सव्वीस वर्षं गेली होती, स्वतःचं असं काही सांगायचं राहून गेलेलं त्याला आठवत नव्हतं.

बुवा आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. एप्रिलच्या उन्हात. बरोबर बायको सुशीला, हातात गरम पाण्याचा थर्मास. लोकांनी मफलर बघितला आणि बुवांची नवी तऱ्हा म्हणून सोडून दिला. बुवा माणूस मोठा असला की त्याला तऱ्हा माफ असतात.

"झाला?" बुवांनी विचारलं. आवाज वाळूत पाय ओढल्यासारखा.

"झाला, बुवा. बसून बघा."

चारचौघांत जासिंत त्यांना अहोजाहो करी. एरवी दोघे सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले, आणि एकाच गणितात नापास झालेले.

बुवा पेटीमागे बसले. जवळ कोणी नाही हे बघून त्यांनी आवाज आणखी उतरवला. "जासिंत, शेवटच्या गजरानंतर माका धा मिंटां होयी. तेवा माइक नीट ठेय. माका बोलूचा आसा."

"समोरच्या बुवाक, गुरुप्रसादाक उत्तर देतलस?"

बुवांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. आत घडी केलेला कागद कुरकुरला. "बघ तू," ते म्हणाले.

जासिंतने मान हलवली. धा मिनिटं. ह्या आवाजाला तीन मिनिटं जड होती.

हे त्याला इतर कोणाच्याही आधी कळलं होतं. डॉक्टरच्याही. मिक्सरवर प्रत्येक माइकची एक सरकती पट्टी असते. आवाज कमी पडला की ती वर सरकवायची. गणपतीत बुवांची पट्टी पाचावर होती. दत्तजयंतीला साडेसहा. शिमग्यात आठ. जासिंतने कोणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. तो बोट वर सरकवत राहिला आणि लोक म्हणत राहिले, बुवांचो आवाज अजून तसोच आसा हां.

शुक्रवारी बुवा त्याच्या घरी आले. पडवीत बसले. जासिंतची बायको जॉयसी हिने दिलेला चहा तसाच ठेवला.

"सोमवारी गोव्याक दाखल होतंय," ते म्हणाले. "डाक्टर म्हणता, गळ्यातली पेटी काढूची लागतली. मी म्हटलंय, एक घरात आसा, तीच घेवन जावा."

जासिंत हसला नाही.

"हस रे मेल्या. डाक्टरपण हसूक नाय."

"मगे आवाज?"

"नाय." बुवांनी चहावर आलेली साय बोटाने बाजूला केली आणि बोट बशीला पुसलं. "सुशीलेक म्हायत आसा आणि तुका. आयतवारपावत कोणाक सांगा नको."

जासिंतने छातीवर क्रूस काढला. भजनीबुवासमोर क्रूस काढून शपथ घेणारा सगळ्या तालुक्यात तोच एक असेल. त्या घाईत 'आयतवारपावत' हा शब्द त्याच्या कानावरून गेला, आणि 'कोणाक सांगा नको' एवढंच आत उतरलं.

तीन वाजता देवस्थान कमिटीचे अध्यक्ष बाबा यांनी प्रास्ताविक केलं. कमिटीतल्या सगळ्यांची नावं दोनदा आली. मग पहिली बारी धोंडूबुवांची.

पखवाजावर विश्वेशची थाप पडली, कोरसने टाळ उचलले, बुवांनी अभंगाची पहिली ओळ घेतली आणि जासिंत मिक्सरमागच्या खुर्चीवर ताठ झाला. आवाज येतच नव्हता. पट्टी आठावर, साडेआठावर, नवावर. पेटी येत होती, पखवाज गडगडत होता, आणि मध्ये जिथे बुवा असायचे तिथे भोक.

त्याने मान उंचावून रंगमंचाकडे बघितलं तेव्हा चूक कळली. बुवांची हनुवटी वर जात नव्हती. सूर चढा होता, पण मान छातीशी रुतलेली, जखमेवर हात धरावा तशी. आवाज जो काही होता तो माइकच्या दोन बोटं खालून सरळ पेटीत जात होता. जासिंतने इतक्या निगुतीने अँगल लावला होता तो गेल्या गणपतीतल्या बुवांसाठी.

त्याने पट्टी दहावर नेली. कर्ण्यांतून शिट्टी फुटली, लांबलचक. आंब्यावरचे कावळे उडाले.

"जासिंता, डुकराक कापतस काय रे?" मागून कोणीतरी ओरडलं. मांडव हसला.

अभंग संपेपर्यंत त्याने शिट्टी आणि शांतता यांच्यामध्ये कशीबशी वाट काढली. मग कंबरेत वाकून रंगमंचावर गेला, अँगलचा कान सैल केला आणि माइक खाली वाकवला. दोन बोटं, मग आणखी दोन. माइकचं तोंड बुवांच्या छातीकडे झालं. चारशे माणसं बघत होती. बुवा समोर बघत होते. जासिंतला वाटलं, आपण मेलेल्या माणसाचे डोळे मिटवतो आहोत आणि माणूस अजून बसलेला आहे.

मग गुरुप्रसादबुवांची बारी. वय अडतीस, सोन्याची साखळी, आवाज नव्या पत्र्यावर पाऊस पडावा तसा. त्यांच्या टोमण्यांचे तुकडे मोबाइलवर फिरत. लोक जेवताना बघत. त्यांनी एक गौळण घेतली आणि पेटीवर हात ठेवून मांडवाकडे वळले.

"मंडळी, धोंडूबुवा माझ्या बापाच्या जागी. तेंच्याबद्दल मी वायट बोलूचंय नाय." मांडव पुढे सरसावून बसला, या वाक्यानंतर काय येतं ते सगळ्यांना माहीत होतं. "पण तो माइक बघा. मघाशी केवढो वर बघत होतो. आता तेनी मान खाली घातल्यान. सव्वीस वर्सां ह्या तोंडासमोर काढल्यान तेनी. मी कमिटीक विनंती करतंय, माणसाक नाय, निदान माइकाक तरी पेन्शन देवा."

मांडव हशाने कोसळला. बाबांनी हसून डोळे पुसले. धोंडूबुवाही हसले, खांदे हलवून, आवाज न करता. रीतच आहे, टोमणा हसून घ्यायचा आणि परत द्यायचा. जासिंत तेवढा हसला नाही. त्याचे कान तापले होते.

बुवांच्या दुसऱ्या बारीला माइक छातीशी होता आणि पट्टी नवावर. जासिंतने हेडफोन चढवले. मांडवातल्या लोकांना जे ऐकू येत नव्हतं ते त्याला येत होतं. प्रत्येक श्वासाआधी एक ओली खरखर, करवत ओल्या लाकडात अडकावी तशी. मग शब्द. मग पुन्हा करवत.

"गुरुप्रसादबुवांनू," बुवा म्हणाले, आणि मांडव शांत झाला, कारण कान लावल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "माइक माझ्याकडे आसा तेवा मान खाली घालता. तो नमस्कार. तुमच्याकडे गेलो काय ताठ उभो रवता. तेचो दोष माझो नाय."

टाळ्या पडल्या. गुरुप्रसादबुवांनी स्वतः हात जोडून दाद दिली. क्षणभर जासिंतला वाटलं, निभलं. आता गजर घेतील, कोरस उचलून धरील, संपेल, आणि उद्याच्या गोव्याचं कोणाला कळायचं नाही.

गजर अर्ध्यावर आला आणि आवाज गेला. बसला असं नाही; गेला, दिवा गेल्यासारखा. बुवांचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा वर, बोटं पेटीवर, आणि काही नाही. कोरसने ओळ उचलली, विश्वेशने पखवाज बडवला. हेडफोनमध्ये नुसती करवत.

पुढच्या रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला, "बुवांनू, घराक जावा आता. पेज जेवा."

हसणं पसरलं. वाईट हसणं नव्हतं ते. डबलबारीतलं होतं, सवयीचं. पण पाचसहा मोबाइल वर झाले.

बुवांनी हात उचलून मंडळींना थांबवलं. टाळ थांबले, पखवाज थांबला. त्यांनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली, माइककडे वाकले.

"मंडळी," ते म्हणाले.

कर्ण्यांतून ते गंजलेला पत्रा फाडावा तसं आलं. मागच्या रांगेत एकाने तसाच आवाज काढून दाखवला, आणि हसण्याची दुसरी लाट उठली, पहिलीपेक्षा मोठी. मोबाइल आता वीसएक होते. जासिंतला ते तुकडे दिसले, जेवणाच्या ताटांशेजारी चालणारे, उद्या, परवा, पुढच्या वर्षी, बुवा मुके झाल्यावरही.

त्याने टेबलाखाली हात घातला आणि वायर ओढली.

कर्णे मेले, बॉक्स मेले. हेडफोनमधली करवत मध्येच तुटली.

"फ्यूज गेलो!" जासिंत ओरडला. माइकशिवाय तो इतक्या मोठ्याने आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल.

मग जे व्हायचं ते झालं. सगळा मांडव त्याच्यावर उलटला. कोणी त्याच्या मशीनचं वय काढलं, कोणी त्याचं. बाबा येऊन म्हणाले, "जासिंत, पुढच्या वर्षी आम्हाला वेगळा विचार करावा लागेल." रागावले की बाबा कमिटीच्या मराठीत बोलत. जासिंत पेचकस घेऊन अँप्लिफायरच्या मागे गुडघ्यांवर बसला, चार स्क्रू काढले, तेच चार परत लावले. पाठीवर शिव्या पडत होत्या आणि त्याला हलकं वाटत होतं. लोक त्याच्यावर चिडले होते, म्हणजे बुवांवर कोणी हसत नव्हतं. घरी जाऊन सांगतील, साउंड भिकार होता. बुवांचा आवाज वाईट होता असं कोणी सांगणार नाही.

त्याने एकदा बॉक्सच्या फटीतून बघितलं. बुवा अजून माइककडे वाकलेले होते. ओठ हलत होते. पहिल्या रांगेतले दोघे कानाला हात लावून पुढे झाले, मग एकमेकांकडे बघून मागे टेकले. सुरूच्या पलीकडे समुद्र चालूच होता.

पाऊण तासाने बाबांनी नुसत्या तोंडाने सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं. दोघांना शाल आणि श्रीफळ. गुरुप्रसादबुवांना संध्याकाळी कसालला दुसरी बारी होती. ते धोंडूबुवांच्या पाया पडले, म्हणाले, "पुढल्या वर्सा तुमचो राग काढून घेतंय, बुवांनू," आणि गाडीत बसले. लोक भज्यांच्या गाडीकडे पांगले. मंडळी पखवाज, टाळ घेऊन टेंपोत चढली.

बुवा उठले नाहीत. शाल खांद्यावर, नारळ पेटीवर, कागद हातात. सुशीला थर्मास घेऊन बाजूला बसली होती.

जासिंत माइक काढायला रंगमंचावर गेला.

"चालू कर," बुवा म्हणाले. कुजबूज, तीही तुकड्यातुकड्यांनी.

"जळला सगळा, धोंडू."

"चालू कर, जासिंत."

जासिंत उभाच राहिला. बुवांनी मान वर केली. दुपारभरात पहिल्यांदाच. ते वर, मांडवाच्या आढ्याकडे बघत होते. तिथे पंखा गरगर फिरत होता. पंख्याचा आणि साउंडचा जनरेटर एकच, फ्यूजही एकच. तो तेव्हाही फिरत होता, सगळा वेळ. चारशे माणसांनी वारा घेतला होता आणि वर एकानेही बघितलं नव्हतं.

"माका गरम होईत नाय होता," बुवा म्हणाले. "म्हणान कळला."

जासिंत खाली उतरला, टेबलाखाली गेला, वायर लावली. लाल दिवा लागला. बॉक्सांनी घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि आंब्यावरचे कर्णे जागे झाले. तो परत वर आला तेव्हा त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

"ते हसत होते रे, धोंडू."

"हसांदे होते." बुवा थांबले, श्वास घेतला. करवत आता हेडफोनशिवायही ऐकू येत होती. "चाळीस वर्सां हसवलंय तेंका. माझेच ते. तू कित्याक मदी पडलस?"

"तूच म्हटलं होतंस, कोणाक सांगा नको."

"आयतवारपावत." बुवांनी दोन बोटं उचलून मांडव दाखवला, कागदी पताका, रिकाम्या खुर्च्या, देवळाच्या पायरीवर पसरलेलं ऊन. "आज काय वार?"

सुशीलाने थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

बुवांनी कागद पेटीवर ठेवला आणि तो जासिंतच्या बाजूने सुलटा होईल असा फिरवला. मग हात लांब करून अँगलचा कान सैल केला. सव्वीस वर्षांत त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. तरी बोटांना जागा बरोबर सापडली. सांधा कुरकुरला नाही, सकाळीच जासिंतने त्याला तेल दिलं होतं. माइक त्यांच्या छातीवरून उठला, अर्धं वर्तुळ फिरला, वर झाला आणि जासिंतच्या तोंडासमोर येऊन थांबला. बुवांनी कान पिळला. घट्ट.

"आता तू सांग," ते म्हणाले. नुसते ओठ हलले.

जासिंत वाकला. कागदावर बुवांचं पेन्सिलचं अक्षर होतं, शाळेतलंच, डावीकडे कललेलं.

'मंडळी, उद्या माझो आवाज काढून नेतले. कोणाक काय विचारूचा रवलाला आसात तर आज विचारून घेवा.'

खाली बाकीचा कागद कोरा होता. धा मिनिटांचा.

माइक नेमका होता. ना वर ना खाली. एवढा नेमका अँगल त्याला स्वतःला लावता आला नसता. भज्यांच्या गाडीपाशी कोणीतरी हसलं, टेंपो सुरू झाला, आणि वळणावर चाललेल्या बायकांच्या घोळक्यातून पोराचं रडणं आलं. जासिंतने ओठ ओले केले. पितळेची चव अजून होती.

"हॅलो," तो म्हणाला.

आंब्यावरून ते खणखणीत गेलं, सुरूच्या झाडांतून, वळणापर्यंत. चालणारी माणसं थांबली. भज्यांच्या गाडीपाशी बाबा हातात बशी घेऊन मांडवाकडे वळले, मग त्यांनी कर्ण्याकडे बघितलं.

बुवा वाट बघत होते.

"चेक," जासिंत म्हणाला. "हॅलो."